ओसरीवरून उठताना

"काकू, माणूस दुसऱ्याच्या घरून उठतो कसा, हे तुम्ही कधी नीट पाहिलं का?"

बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीवर बसून रक्षानं एका पायातला बूट काढला आणि टाचेवरचा फोड दाबत दाबत मला हे विचारलं. आम्ही दोघी पहाटेच्या सानगडीहून निघालेल्या. महाशिवरात्र होती, प्रतापगडला पायी जायचं होतं, आणि निम्मी वाट मागे पडली असेल. पळस लालभडक झाला होता. धानाच्या बांध्यांमध्ये कुठे लाखोरीचं कडधान्य काढून पडलेलं, कुठे तलावाच्या पाण्यावर उन्हाळी धानाची हिरवी पट्टी. रस्त्यानं माणसांची रांग चाललेली. मधूनच कोणी "हर बोला" म्हणे आणि पुढचे-मागचे सगळे "हर हर महादेव" करत.

मी म्हटलं, "माणूस पायानं उठतो. तुझे पाय पाहता तू काही आज उठत नाहीस. एवढे भारीचे बूट घालून कोणी महादेवाला येते का व? माझी चप्पल पाहा."

"चपलेचं सोडा न काकू. सांगा न, कसा उठतो?"

मी पाण्याची बाटली तिला दिली आणि विचार करून सांगितलं. "आधी 'चला' म्हणतो आणि बसूनच राहतो. घरची बाई म्हणते, 'बसा न, चहा ठेवला.' तो म्हणतो, 'नाही नाही, आत्ताच घेतला.' पण चहा येतो. तो पिऊन मांडीवर हात मारतो, 'बरं, निघतो.' घरधनी म्हणतो, 'आता जेवूनच जा.' तिसऱ्या वेळी तो खरंच उभा राहतो, चपला घालतो. आणि ज्या कामाला आला होता ते त्याला चपला घातल्यावर आठवते. मग फाटकात उभं राहून पुन्हा तेवढ्याच गोष्टी."

रक्षा हसली, पण पुरती नाही. "बस. हेच मी तिकडे ऑफिसात सांगितलं होतं. अन् तिथंच फसली."

रक्षा म्हणजे आमच्या समोरच्या तेजरामभाऊंची थोरली मुलगी. सानगडीच्या बाजारात त्यांचं बी-बियाण्याचं आणि मोटार-पाइपाच्या सामानाचं दुकान आहे, घरी थोडं धानाचं शेत. तिची आई कुंताबाई आणि मी रोजच्या बोलण्यातल्या. माझे हे जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते, ते रिटायर झाले तेव्हा आम्ही तिथलं क्वार्टर सोडून सानगडीला आलो. रक्षा तेव्हा दुसरीत होती. पहिल्याच दिवशी आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमचं फाटक उलटं लागलं. ढकलाचं का ओढाचं, समजत नाही." मी हसण्यावारी नेलं. पण खरंच, त्यानंतर मी लक्ष देऊन पाहिलं, तर येणारा प्रत्येक माणूस आधी ढकलायचा, मग ओढायचा. ह्यांनी मिस्त्रीला बोलावून फाटक फिरवून घेतलं.

अशी ती पोरगी. बडबडी नव्हती. बघत बसायची. मारुतीच्या देवळात घंटा उंच टांगलेली आहे. पुरुषांचा हात पोहोचतो, म्हाताऱ्या बायकांचा आणि लेकरांचा पोहोचत नाही. आम्ही बायका वर्षानुवर्षं खालूनच हात जोडत होतो, त्यात काही वावगं आहे हे कोणाच्या मनात आलं नाही. सातवीत असताना रक्षानं दुकानातली लाल सुताची दोरी आणली आणि स्टुलावर चढून घंटेच्या लोळ्याला बांधली. पुजारी ओरडले, "हे काय बैलाच्या गळ्यातलं केलं?" त्या दिवशी संध्याकाळी सत्यभामाआजीनं, म्हणजे रक्षाच्याच आजीनं, जन्मात पहिल्यांदा ती घंटा वाजवली. एकदा वाजवून थांबली नाही. दोरी बदलत गेली असेल, पण अजून तिथं आहे.

शाळा तिची आमच्या इथलीच, मराठी. मग नागपूरला कॉलेज, मग पुण्याला नोकरी. नोकरी कशाची, हे सांगताना कुंताबाईची पंचाईत व्हायची. "कम्पुटरात आहे," म्हणायची. पाहुण्यांमधला एखादा टोमणा मारीच, "पोट्टी मोबाईलवर खेळायचा पगार घेते म्हणतात." रक्षानं मला एकदा सोपं करून सांगितलं होतं. मोबाईलवर जे खेळ असतात, लोक आपापल्या घरी बसून एकमेकांशी खेळतात ते, त्यात माणसाचं बोट कुठं जाईल, तो कुठं अडखळेल, कशानं खूश होईल आणि कशानं चिडून मोबाईल ठेवून देईल, हे आधीच बघून तसं आखायचं. मी म्हटलं, "म्हणजे घंटेला दोरी बांधायची." ती म्हणाली, "तेच काम काकू. फक्त दोरी बांधायला मीटिंग घ्यावी लागते."

तिच्या कंपनीनं एक खेळ काढला. आपला अष्टाचंगाच. चिंचोके टाकायचे आणि घरं चालायची. फरक एवढाच, की चार बायका चार गावी बसून खेळतात आणि खेळता खेळता एकमेकींशी बोलतात. रक्षानं नाव सुचवलं होतं 'छपरी'. आमच्याकडे घरापुढच्या पडवीला छपरीच म्हणतात. तिकडची मुलं पोट धरून हसली, शहरात तो शब्द टपोरी पोरांना लावतात म्हणे. मग नाव पडलं 'ओसरी'.

खेळ बाहेर यायच्या आधी ती दिवाळीत घरी आली होती. गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, होती. घर पाहुण्यांनी भरलेलं, दुपारची जेवणं उरकलेली, रात्रीचं नाचगाण्याचं नाटक, दंडार, सुरू व्हायला वेळ होता. रक्षानं आम्हा बायकांना छपरीवर बसवलं, हातात मोबाईल दिले आणि म्हणाली, "मी काही सांगणार नाही. तुम्हाला वाटेल ते करा. चुकलं तर तुमची चूक नाही, माझी आहे."

तिची मामी सुशीलाबाई म्हणाली, "सांगाचं नाई तं आली कायले?"

सत्यभामाआजीचं बोट मोबाईलवर उमटेना. जन्मभर रोवणं करून बोटांची कातडी लाकडासारखी झालेली. तिनं बोट पदराला पुसलं, जिभेला लावलं, शेवटी मोबाईलवर वाकून त्यालाच म्हणाली, "दाबून राहिली न बापा, आयकत काहून नाई?" आम्ही हसून लोळलो. रक्षा हसली नाही, आजीच्या बोटाकडे बघत बसली होती.

कोपऱ्यात एक लाल कडं होतं. आपली पाळी आली की ते हळूहळू विझत जायचं, म्हणजे लवकर टाका. ते पाहून सुशीलाबाईंनी मोबाईल खालीच ठेवला. "माह्यावर कोन घाई करून राहिला? जा, नाई खेळत."

तेवढ्यात कुंताबाईला चुलीवरच्या दुधाचा वास आला. ती उठली आणि जाता जाता मला म्हणाली, "माह्या जागी तू टाक व." मी तिचा मोबाईल घेऊन चिंचोके टाकले.

रक्षा एकदम सरळ झाली. "काकू, आत्ता काय झालं?"

"काय झालं? दूध उतू चाललं होतं."

"नाही, नाही. तुम्ही तिच्या जागी टाकलं."

"मग? ती येईपर्यंत खेळ थांबवायचा का?"

तिकडच्या खेळात पाळी चुकली की माणूस बाद होतो. आमच्याकडे बाईची पाळी चुकत नाही, शेजारीण टाकते. रक्षानं ते लाल कडं काढून टाकलं आणि तिथं एक बटण ठेवलं, 'माझ्या जागी टाक'. ते दाबलं की बसलेल्यांपैकी कोणीही आपल्या जागी टाकू शकते. चिंचोके मोठे केले, जाड बोटालाही ऐकतील असे. खेळ आला आणि बायकांनी तो उचलून धरला. कोणाची बहीण सुरतेला दिलेली, कोणाची नणंद गडचिरोलीला, दुपारच्या वेळी सगळ्या ओसरीवर. कुंताबाईनं मला अभिमानानं सांगितलं होतं, "माह्या दुधामुळं झालं थे."

इथवरचं मला ठाऊक होतं. पुढचं रक्षानं त्या बोडीच्या पाळीवर सांगितलं.

तिच्या वरच्या भावना मॅडम आहेत. त्यांनी म्हटलं, बायका एक डाव खेळतात आणि उठतात, त्यांना बसवायचं काहीतरी काढ. रक्षा म्हणाली, आमच्याकडे पहिल्या झटक्यात कोणी कोणाला उठू देत नाही. मला जे विचारलं तेच तिनं तिथं उभं राहून करून दाखवलं, चहा, जेवण, चपला, सगळं. मॅडमना फार आवडलं. मग तिनं असं आखलं, की बाईनं 'उठते' हे बटण दाबलं की ओसरीवरची एक बाहुली पदर सावरत पुढं येते आणि आग्रह करते. नमुना म्हणून तिनं आपल्याच आवाजात भरून दिलं: "उठता काहून वो? थांबा न. एक डाव अजून. मी एकटीच राहीन न मंग."

"तो नुसता नमुना होता काकू. नंतर आवाजाचं काम करणारी एक बाई आणली, तिनं स्वच्छ, गोड म्हटलं. बायका ऐकायच्या अन् उठायच्या. मग पुन्हा माझा लावून पाहिला. बसल्या."

"मग?"

"मग ऑफिसात केक कापला. मला वरची जागा दिली."

"चांगलंच झालं की."

"आता मॅडमना ते सगळ्या भाषांत पाहिजे. एकदा नाही, तीनदा आग्रह. तिसऱ्या वेळी बाहुलीच्या डोळ्यात पाणी दाखवायचं. अन् 'उठते' हे बटण फिक्कं करायचं, खाली कोपऱ्यात, दिसेल न दिसेल असं. पुढच्या सोमवारी मला ते आखून दाखवायचं आहे. नाही म्हटलं तर ती जागा माझी राहत नाही." तिनं बूट हातात घेतला, घातला नाही. "मी स्वतःला सांगून राहिली का आग्रह आहे, आपली रीतच आहे. पण काकू, आपल्याकडे माणूस तिसऱ्यांदा उठला की आपण त्याच्या चपला सरळ करून ठेवतो. इथं मी चपला लपवून राहिली."

मनात एक गोष्ट होती, ती सांगू की नको असं पहाटेपासून चाललं होतं. सणाच्या दिवशी, चालत्या वाटेवर पोरीच्या जीवाला घोर कशाला, म्हणून थांबले होते. पण तिनंच विषय काढला. त्या अर्थी महादेवाच्या मनातही ते असावं असं मला वाटलं.

"रक्षा, तो आवाज मी ऐकला आहे."

"कुठे? तुमच्या मोबाईलमध्ये तर ओसरी नाही."

"तुझ्या घरच्या छपरीवर. रोज संध्याकाळी."

मग मी सांगितलं. कुलदीपनं, रक्षाच्या भावानं, आपला जुना मोबाईल आजीला दिला होता. दिवा लावला की सत्यभामाआजी खाटेवर बसायची आणि ओसरीवर जायची. ती त्याला ओसरी म्हणत नाही, छपरीच म्हणते. तोवर ठीक होतं, म्हातारीला विरंगुळा. पण मंगळवारी आणि शनिवारी मारुतीच्या देवळात आमचं भजन असते. खांबाजवळची जागा आजीची. टाळ तिच्या हातात असला की बाकीच्यांना ताल धरावा लागत नाही. दिवाळीनंतर ती जागा रिकामी दिसायला लागली. एकदा झालं, दोनदा झालं. मला वाटलं गुडघे दुखत असतील. विचारायला गेले तर कुंताबाई ताट झाकून बसलेली. "जेवाले बी उठत नाई. निरा मोबाईल."

आजी खाटेवर होती. डाव संपला. तिनं म्हटलं, "चाल, आता उठतो." आणि बटण दाबलं. तर मोबाईलमधून रक्षा बोलली. मी दचकलेच. "मी एकटीच राहीन न मंग." आजी म्हणाली, "बरं माय, एक." आणि पुन्हा चिंचोके टाकायला लागली.

मी म्हटलं, "आजी, तो भरून ठेवलेला आवाज आहे. रक्षा तिथं बसलेली नाही."

आजीनं चष्म्यावरून माझ्याकडे असं पाहिलं, की मला लहान झाल्यासारखं वाटलं. "मले माईत हाय का भरलेला आवाज हाय. मी काय येडी हाव? पन तिनंच भरला न? कधी तरी तं तिनं थे म्हटलंच असंल, मी एकटीच राहीन म्हनून. पोट्टी असं म्हनते, तं मी उठून भजनाले कशी जाऊ?"

हे मी सांगितलं तसं रक्षा उठून उभी राहिली. दोन्ही बूट हातात, पाय उघडे. मग म्हणाली, "कधी भरला होता सांगू? मंडईच्या संध्याकाळी. तुम्ही छपरीवर खेळल्या त्याच्या पुढच्या वर्षी, मला सुट्टी मिळाली नव्हती तेव्हा. बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरी घरी गेलेल्या. आईनं फोन लावून दंडारीचा ढोल ऐकवला होता. फोन ठेवला अन् मी ते भरायला बसली."

"म्हणजे आजीनं बरोबर ऐकलं."

"बरोबर ऐकलं," ती म्हणाली. "बाकी बायकांनीही तेच ऐकलं असंल काकू. म्हणून तर बसल्या न."

त्यापुढं ती अनवाणीच चालली. मी एकदा म्हटलं, चप्पल अदलाबदल करू, तर म्हणाली, तुमची चप्पल मला दोन बोटं लहान आहे. गावाच्या तोंडाशी कोणी उपवासाच्या लोकांसाठी उकडलेली रताळी ठेवली होती, ती घेतली. प्रतापगडला गर्दी होती, पण दर्शन नीट झालं. डोंगरावर महादेव आहे तसा पीरबाबांचा दर्गाही आहे, येणारी माणसं दोन्हीकडे डोकं टेकतात, आम्हीही टेकलं. मी तिच्यासाठी काय मागितलं ते इथं लिहीत नाही. मागितलेलं सांगू नये. परतताना जीप मिळाली आणि ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून साकोलीच्या फाट्यापर्यंत झोपली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा रक्षा आजीच्या खाटेवर पाय वर घेऊन बसलेली, टाचांना हळद लावलेली. आजीचा डाव रंगात होता. समोरच्या कोण्या गोंदियाच्या बाईची सोंगटी मारून आजी खुशीत हसली, डाव जिंकली आणि म्हणाली, "चाल, उठतो."

मोबाईल म्हणाला, "उठता काहून वो? थांबा न."

आजीनं मोबाईलकडे पाहिलं, मग शेजारी बसलेल्या नातीकडे. "आयकलं? तू म्हनून राहिली."

"आजी, मी इथं बसली आहे न. तू ऊठ."

"तू इथं हास. थे तिथं हाय न."

"तेही मीच आहे."

"मंग तुलेच पुसतो. एकटी राह्यते का नाई तू तिकडं?"

रक्षा पायाच्या हळदीकडे बघत बसली. कुंताबाई दारात आली होती, तीही थांबली. आईच्या देखत पोरीला हे बोलवत नव्हतं हे दिसत होतं.

"राहते," ती शेवटी म्हणाली. "कधी कधी. पण तू डाव टाकत बसली म्हणून ते जात नाही आजी. मला तिकडं कळतही नाही, तू थांबली का उठली."

"मंग कशानं जाते?"

"तू भजनातून आली, जेवली, अन् मग मले फोन लावला, का जाते."

आजीनं कपाळावर हात मारला. "हे आंधी सांगाचं नाई? मी आपली दिवाळीपासून दानं टाकून राहिली, पोट्टीसाठी म्हनून! थो आवाज काहाड तिथून. अशा कितीक बुढ्या बसल्या असतीन, आपापल्या पोट्ट्यायसाठी." मग तिनं खाटेखालून टाळ काढले, पदराला पुसले आणि मोबाईल माझ्या हातात कोंबला. "माह्या जागी तू टाक व."

"अहो आजी, मलाही भजनाला यायचं आहे!"

"द्या काकू," रक्षा म्हणाली, "मी टाकते. जा तुम्ही दोघी."

आम्ही देवळातून परतलो तेव्हा रक्षा अंगणात फोनवर होती. भावना मॅडमच असाव्यात, कारण ती आमच्या बोलीतून उठून पुस्तकी मराठीत गेली होती. आम्हाला तिचीच बाजू ऐकू येत होती. "नाही मॅडम, मी आखणार नाही... हो, माहीत आहे... माझाच आवाज आहे, म्हणून तर सांगते, तो काढायचा... नाही, कमी वेळ बसतील. पण उठू दिलेला माणूस परत येतो. आमच्याकडे जिथं फार अडकवून ठेवतात त्या घरी लोक जाणं टाळतात." मग बराच वेळ ती ऐकत राहिली. आजी माझ्या कानात म्हणाली, "मॅडम रागावून राहिली का?" मी म्हटलं, "रागावत नाही, हिशेब करत असेल."

फोन ठेवून रक्षा पायरीवर बसली. निकाल अर्धाच लागला होता. रडणारी बाहुली आणि फिक्कं बटण तूर्त बाजूला. मराठी ओसरीवरून तिचा आवाज काढायला मॅडम तयार झाल्या, एका महिन्यासाठी. त्या महिन्यात उठलेल्या बायका परत आल्या नाहीत, तर जुनं पुन्हा लावायचं, आणि ते लावायला दुसरं कोणी असेल, रक्षा नाही. आणि त्या जागी नुसती शांतता ठेवून चालणार नाही, काहीतरी पाहिजे. सोमवारी.

"मग ठेव न काहीतरी," कुंताबाई म्हणाली. "हळदी-कुंकू दाखव."

"आई, ते चित्र झालं. पाहिजे बोलणं."

तिची गाडी शनिवारी सकाळी होती. शुक्रवारी तिन्हीसांजेला ती माझ्याकडे आली. मी देवापाशी दिवा लावून नुकतीच बाहेर आले होते. चहा झाला. ह्यांनी तिला टाचेसाठी कुठलंसं मलम दिलं, आणि ते कसं लावायचं ते चहा निवेपर्यंत समजावलं. मग ती उठली. मी तिच्या चपला तिच्या पायाच्या बाजूला वळवून ठेवल्या, फाटक उघडलं आणि नेहमी म्हणते ते म्हटलं, "ये बरं माय. दिवा लागला, घरी वाट पाहत असतील. देव आहे सोबत."

रक्षा फाटकात थांबली. "काकू, हे तुम्ही सगळ्यांना म्हणता न? मी दुसरीत होती तेव्हापासून ऐकते."

मला हसू आलं. ही सवय माझी क्वार्टरातली. सकाळी फॅक्टरीची बस वळणावर हॉर्न द्यायची आणि हे डबा घेऊन निघायचे. काम बारुदीचं. नवी नवी होते तेव्हा मला वाटायचं, आज नका जाऊ म्हणावं. सासूबाईंनी माझं तोंड पाहून ओळखलं. म्हणाल्या, जाणाऱ्याला अडवू नये, मागून हाक मारू नये, तोंडभरून 'या' म्हणावं आणि मनात देवाचं नाव घ्यावं. ह्यांची नोकरी संपेपर्यंत मी रोज तेच केलं. रोज संध्याकाळी हे घरी आले. मग जो कोणी आमच्या घरून निघेल त्याला ते लागू झालं, दूधवाल्यालासुद्धा. हे सगळं मी रक्षाला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

ती फाटकाची कडी हातात धरून ऐकत होती. ढकलायची का ओढायची हे आता कोणालाच विचारावं लागत नाही, अशी ती कडी.

"काकू," ती म्हणाली, "मले तुमचा आवाज पाहिजे. ओसरीवरून उठणाऱ्या बायकांसाठी, माझ्या आवाजाच्या जागी."

"माझा? वेडी का काय तू! घसा बसलेला असतो माझा. मोबाईलसमोर बसून मला एक शब्द येणार नाही."

"मोबाईलसमोर बसून नाहीच पाहिजे. तसं भरलं तर त्या बाईसारखं होईल, गोड गोड. माझा आवाज खरा होता म्हणून लोकं बसले. तर उठवायचं तेही खरंच असलं पाहिजे न?" ती बोलता बोलता थांबली, आणि दुसरीतल्या पोरीसारखं खाली बघून पुढचं म्हणाली. "उद्या सकाळी मले गाडीवर सोडायला या. आईला म्हणू नका, ती रडते. तुम्हीच या. मोबाईल माझ्या हातात चालू राहील. मी म्हणीन, काकू, अजून एक दिवस राहते, आजी भजनाला बोलावून राहिली. मी खरंच म्हणीन, मले माहीत आहे. तुम्ही मले राहू देऊ नका. माझी पिशवी वर द्या, अन् रोज म्हणता तसंच म्हणा."